शाश्वत वाहतूक शिकवायला 'सुमो': फुकट आहे, दमदार आहे, पण मूळ सेटिंग्जवर सोडू नका

सुमो म्हटल्यावर दहा माणसं कोंबलेली टाटांची जीप आठवली तर त्यात गैर काही नाही. इथला सुमो मात्र जर्मन आहे. 'सिम्युलेशन ऑफ अर्बन मोबिलिटी' या नावाचं हे लघुरूप. चौकातली प्रत्येक मोटार, दुचाकी, बस आणि पादचारी सुटा सुटा चालवून दाखवणारं हे सॉफ्टवेअर आहे. डीएलआर या जर्मन अवकाश संशोधन संस्थेनं 2000 साली ते लिहायला घेतलं, 2001 पासून ते मुक्तस्रोत आहे आणि आता एक्लिप्स फाउंडेशन या मुक्तस्रोत सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली वाढतंय. परवाना, डोंगल, 'विद्यार्थी आवृत्ती' अशी भानगड नाही. साठ संगणकांच्या प्रयोगशाळेत एका दुपारी टाकून होतं.

सिव्हिल, नगररचना किंवा पर्यावरण विभागात 'शाश्वत वाहतूक' हा विषय शिकवताना प्रात्यक्षिकासाठी काय घ्यायचं, हा प्रश्न दर सत्रात येतो. त्या कामासाठी हे परीक्षण. आमचं मत आधीच सांगून टाकतो. साधन म्हणून सुमो उत्तम आहे, पण जसं येतं तसं वापरलं तर ते गाड्या वेगानं कशा पुढे काढायच्या एवढंच शिकवतं. माणसं मोजायला लावणं हे शिक्षकाचं काम, आणि त्यासाठी कुठले स्क्रू फिरवायचे हे माहीत हवं.

बसवणं आणि पहिला तास

विंडोजवर 64-बिट इन्स्टॉलर चालवा. सोबत पायथन हवंच, कारण निम्मी हत्यारं पायथनमध्ये लिहिलेली आहेत. 'सुमो-होम' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सुमो कुठे टाकलंय ते सांगणारी संगणकातली नोंद) बसला आहे ना, ते पाहून घ्या. पहिल्या तासाला 'चालत नाही' म्हणून जे हात वर होतात, त्यातल्या बहुतेकांचं कारण हेच असतं. प्रकल्पाचा फोल्डर डेस्कटॉपवर, देवनागरी नावानं आणि मध्ये मोकळ्या जागा ठेवून करू नका. सी ड्राइव्हवर एका शब्दाचा फोल्डर करा.

मग 'ओएसएम वेब विझार्ड' उघडा. ब्राउझरमध्ये ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा येतो. हव्या त्या चौकाभोवती चौकट ओढा, 'वाहतूक डाव्या बाजूनं' या अर्थाच्या खुणेवर टिचकी मारा आणि रस्ते तयार करायला सांगा. ही खूण विसरली की पुण्यातल्या गाड्या बर्लिनसारख्या उजवीकडून धावू लागतात. वर्ग खूश होतो, पण सगळी वळणं उलटी झालेली असतात.

पाच मिनिटांत पडद्यावर गाड्या धावायला लागतात. सुमोची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच, आणि सगळ्यात मोठा धोकाही हाच. विझार्डनं सोडलेल्या गाड्या रँडम असतात. चौकात खरोखर किती वाहनं येतात याच्याशी त्यांचा काडीचा संबंध नसतो. तरी पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्या रँडम गाड्यांवर 'कोंडी 20 टक्क्यांनी कमी झाली' असा अहवाल लिहून आणतोच.

चौकाची निवडही जपून करा. पुण्यात शिकवत असाल तर विद्यापीठ चौक घ्यायचा मोह होतो. तिथला उड्डाणपूल 2020 मध्ये पाडून मेट्रोसह दुमजली पुलाचं काम काढलं गेलं, त्यामुळे चर्चेला विषय आयता मिळतो. तरीही सुरुवातीला तो नको. एकमेकांवरचे रस्ते, सरकते वळसे आणि रोज बदललेली वळणं दुरुस्त करण्यातच सत्र संपेल. साधा चार रस्त्यांचा, सिग्नल असलेला, गच्चीतून किंवा पादचारी पुलावरून अख्खा दिसेल असा चौक शोधा.

नकाशा आणला की नेटएडिटमध्ये, म्हणजे सुमोच्या नकाशा दुरुस्त करायच्या हत्यारात, बसून चार गोष्टी तपासायच्या. पहिली मार्गिकांची संख्या. आपल्याकडच्या नकाशात ती बऱ्याचदा भरलेली नसते, मग सुमो स्वतःच्या तक्त्यातून घेतं. दुसरी गती. प्राथमिक रस्ता म्हणून नोंदलेल्या, पण वेगमर्यादा न लिहिलेल्या रस्त्याला मूळ तक्ता ताशी 100 किलोमीटर देतो. सोबत शहरी तक्ता येतो, तो 50 किंवा त्याखाली आणतो, तोच वापरा. तिसरी सिग्नल. सुमो अंदाजानं 90 सेकंदांचं चक्र बसवतं, खरा सिग्नल कधी 120 चा तर कधी 180 चा असतो. घड्याळ घेऊन पाच चक्रं मोजा आणि ती भरा. चौथी, आणि आपल्या विषयासाठी सगळ्यात मोलाची, फूटपाथ आणि झेब्रा. नेटकन्व्हर्टला (नकाशाचं सुमोच्या रस्त्यांत रूपांतर करणारं हत्यार) फूटपाथ आणि क्रॉसिंग ओळखायला वेगळं सांगावं लागतं. नाही सांगितलं तर चौकात चालायला जागाच नसते, आणि कुणाच्या ते लक्षातही येत नाही. प्रकल्पात पादचारी नसले तर कोंडी नेहमीच कमी दिसते.

दुचाकी आणि रिक्षा: इथं घाम निघतो

सुमोचं मूळ मॉडेल मार्गिकेत एकामागे एक चालणाऱ्या गाड्यांचं आहे. सिग्नलला मोटारींच्या फटीतून पुढे सरकून झेब्र्यावर जमा होणारा दुचाकींचा घोळका त्यात नाही. तो आणायचा तर 'लॅटरल रिझोल्यूशन' हा पर्याय चालू करावा लागतो. मार्गिकेची मूळ रुंदी 3.2 मीटर, रिझोल्यूशन 0.8 दिलं की एका मार्गिकेच्या चार पट्ट्या होतात आणि वाहनं आडवी सरकू लागतात.

तरीही दुचाकी मोटारीच्या बाजूनं जात नाही, अशी तक्रार येते. गणित करा. मोटारीची मूळ रुंदी 1.8 मीटर, दुचाकीची 0.9 आणि दोघांतलं मूळ आडवं अंतर 0.6. बेरीज 3.3, मार्गिका 3.2. दुचाकीसाठी हे अंतर 0.2 ते 0.3 मीटरवर आणा, जागेची पसंती 'आर्बिट्ररी' (मार्गिकेत कुठेही) करा आणि चौकाचा व्हिडिओ शेजारी लावून पाहा. रिक्षासाठी तयार वाहनप्रकार नाही. लांबी, रुंदी आणि वेग वाढवण्याची क्षमता स्वतः भरून नवा प्रकार करावा लागतो. हे सगळं चालू केल्यावर प्रयोगशाळेतले जुने संगणक रडकुंडीला येतात. एक चौक आणि एक तास यांवर थांबा, अख्खा पेठेचा भाग घेऊ नका.

इथं एक जुनी सवय आडवी येते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 106 (1990) मध्ये वाहनांना मोटारीच्या तुलनेत आकडे दिलेत. दुचाकीचं प्रमाण 5 टक्के असेल तर 0.5, 10 टक्के किंवा जास्त असेल तर 0.75, बसला त्याच क्रमानं 2.2 आणि 3.7. विद्यार्थी पाठ केल्याप्रमाणे 400 दुचाकींचं रूपांतर 300 मोटारींत करतात आणि त्या मोटारी सुमोत सोडतात. असं करायचं नाही. इथं प्रत्येक वाहन आपापल्या आकारानं जायला हवं. शिवाय तो आकडा वाहन किती रस्ता अडवतं ते सांगतो, त्यात किती माणसं बसलीत ते सांगत नाही. 3.7 वाचल्यावर बस अडथळा वाटते. राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण 2006 साली आलं आणि वाहनांऐवजी माणसांना रस्त्यात वाटा द्या, असं त्यात स्पष्ट लिहिलं. अभ्यासक्रमाच्या प्रस्तावनेत हे वाक्य असतंच, प्रात्यक्षिकाच्या वहीत मात्र 3.7 असतो.

एका कोष्टकानं फिरणारा निकाल

सुमो प्रत्येक फेरीची नोंद 'ट्रिपइन्फो' फाइलमध्ये देतं: किती वेळ लागला, किती वेळ थांबावं लागलं, मोकळ्या रस्त्याच्या तुलनेत किती वेळ वाया गेला. सोबतचं एक्सएमएल-टू-सीएसव्ही हत्यार वापरून ती एक्सेलमध्ये आणा. एका ओळीत एक वाहन. सरासरी काढली की 'प्रति वाहन विलंब' मिळतो. बहुतेक वर्ग इथंच थांबतात.

पुढचा स्तंभ स्वतः वाढवा: वाहनातली माणसं. त्यासाठी चौकात उभं राहून मोटारीत, दुचाकीवर, रिक्षात आणि बसमध्ये किती जण आहेत ते मोजावं लागतं. बसमधले उभे प्रवासी अंदाजे धरले तरी चालतात. मग विलंब गुणिले माणसं.

फळ्यावर हे उदाहरण मांडा. आकडे कल्पित आहेत, पण रोजचे आहेत. 'अ' रस्त्यावर एका चक्रात 1 बस (50 माणसं), 6 मोटारी (8 माणसं) आणि 15 दुचाकी (20 माणसं): 22 वाहनं, 78 माणसं. 'ब' रस्त्यावर 20 मोटारी (28 माणसं) आणि 20 दुचाकी (26 माणसं): 40 वाहनं, 54 माणसं. हिरव्याचे 10 सेकंद 'ब' कडून काढून 'अ' ला दिले, तर प्रत्येकाला सरसकट 10 सेकंदांचा फरक पडतो असं धरून वाहनांच्या हिशेबात 220 वाचले आणि 400 गेले, म्हणजे निर्णय चूक. माणसांच्या हिशेबात 780 वाचले आणि 540 गेले, म्हणजे निर्णय बरोबर. चौक, गाड्या, सॉफ्टवेअर सगळं तेच. वर्गात खरी चर्चा या कोष्टकानंतर सुरू होते, त्याआधी सगळे हिरवा वेळ वाढवण्याच्या मागे असतात.

सोबतचं सिग्नल-चक्राचं हत्यार वेबस्टरच्या सूत्रानं चक्र काढून देतं. तेही वाहनांच्याच प्रवाहावर चालतं, हे मुलांना सांगायचं राहून जाऊ देऊ नका. पादचाऱ्यांचा वेळ वेगळा तपासा. 15 मीटर रुंदीचा रस्ता सेकंदाला 1.2 मीटर चालणारा माणूस साडेबारा सेकंदांत ओलांडतो, 0.8 नं चालणाऱ्या आजींना जवळजवळ 19 लागतात. सुमोतला मूळ पादचारी 1.39 मीटरनं चालतो. तो बऱ्यापैकी घाईत असतो.

बसचंही असंच. चढायला दर माणशी मूळ वेळ 0.5 सेकंद धरलाय. उंच पायरी, एक अरुंद दार आणि कॉलेज सुटण्याची वेळ असल्यावर हा आकडा हास्यास्पद ठरतो. थांब्यावर स्टॉपवॉच लावून मोजा आणि बदला. बसची मूळ क्षमता 85 माणसांची आहे, तीही आपल्या गाडीप्रमाणे बदला. याच एका आकड्यावर 'बसमार्गिका फायद्याची की नाही' याचं उत्तर हलतं.

निकाल खोटे पडतात ते कुठे

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे टेलिपोर्ट. एखादी गाडी 300 सेकंद अडकून राहिली की सुमो तिला उचलून पुढे ठेवतं. चौक ठप्प असतानाही आकडे ठीकठाक येतात. 'टाइम टू टेलिपोर्ट' उणे 1 करा म्हणजे हे बंद होतं. नाहीतर निदान शेवटच्या अहवालात किती टेलिपोर्ट झाले ते लिहायला लावा. दोन-चार झाले तर समजण्यासारखं आहे, शंभर झाले तर तो निकाल फेकून द्या.

दुसरी गोष्ट त्याहून लपलेली. रस्ता भरला की नव्या गाड्या नकाशाच्या कडेला आत शिरायची वाट पाहत थांबतात. तो वेळ 'डिपार्ट डिले' या वेगळ्या रकान्यात जातो, विलंबात धरला जात नाही. म्हणून जास्त गर्दीत विलंब उलट कमी दिसू शकतो. दोन्ही रकाने मिळवा, आणि येणारे रस्ते नकाशात लांब ठेवा.

तिसरी गोष्ट रँडम सीडची, म्हणजे रँडम आकडे ज्या अंकापासून सुरू होतात त्याची. सुमोचं मूळ सीड 23423 आहे, त्यामुळे दर वेळी तंतोतंत तोच निकाल येतो आणि मुलांना तो 'अचूक' वाटतो. निदान 10 वेगळ्या सीडवर चालवून सरासरी आणि पसारा दोन्ही मागा.

मोजणीशी ताडून पाहताना जीईएच सूत्र वापरतात: मॉडेल आणि मोजणी यांच्या फरकाच्या वर्गाची दुप्पट भागिले दोघांची बेरीज, आणि त्याचं वर्गमूळ. 85 टक्के ठिकाणी 5 पेक्षा कमी आलं तर मॉडेल चालण्याजोगं मानतात. हे सूत्र ताशी प्रवाहासाठी आहे. मोजणी 400 आणि मॉडेल 320 असेल तर 4.2 येतं. तेच पंधरा मिनिटांचे 100 आणि 80 घातले तर 2.1. चूक तेवढीच, गुण दुप्पट चांगले. ही चलाखी दर वर्षी कुणी ना कुणी करतं, बहुतेक वेळा नकळत.

धूर

कार्बन डायऑक्साइडचे आकडे काढायला सुमोतलं उत्सर्जनाचं 'डिव्हाइस' सगळ्या गाड्यांना चालू करावं लागतं. आकडे मिलिग्रॅममध्ये येतात. किलो हवे तर 10 लाखांनी भागा. एखाद्या चौकातून तासाला हजारो टन निघाले असं उत्तर आलं तर चूक इथं आहे.

आकड्यांवर मात्र फार विसंबू नका. सुमोतला मुख्य तक्ता एचबीईएफए हा युरोपीय देशांनी तिथल्या गाड्यांसाठी केलेला आहे. आपल्याकडच्या सीएनजी रिक्षा, 1 एप्रिल 2020 च्या बीएस-6 आधीच्या गाड्या, धूळ आणि ब्रेक-टायरची झीज त्यात मिळत नाही. 'आधी' आणि 'नंतर' यांची तुलना करायला तो चालतो, शहराची हवा सांगायला नाही. विजेच्या गाडीला सुमो शून्य धूर देतं. खर्च झालेल्या दर युनिट विजेमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरून वेगळा हिशेब लावा, कारण आपली बरीचशी वीज कोळशाची आहे. आणि माणशी किलोमीटर हाच भाजक ठेवा. विजेवर चालणाऱ्या मोटारींची कोंडी हीही कोंडीच.

जे सुमो दाखवूच शकत नाही

ही उणीव सांगितल्याशिवाय हे साधन वर्गात नेऊ नये. सुमोत तुम्ही जितक्या फेऱ्या घालता तितक्याच राहतात. रस्ता रुंद केला तर कोंडी सुटते, उड्डाणपूल टाकला तर आणखी सुटते आणि एका तासाच्या नकलीत ते खरंही असतं. प्रत्यक्षात मोकळा रस्ता पाहून आधी बसनं जाणारा दुचाकी काढतो आणि काही वर्षांत चौक पुन्हा भरतो. हा बदल सुमोत आपोआप होत नाही. म्हणजे नेमक्या 'शाश्वत' या शब्दाच्या जागी हे साधन गप्प बसतं आणि विद्यार्थी पुलाच्या बाजूनं अहवाल लिहून मोकळा होतो.

त्यावर एक उपाय फळ्यावरच होतो. गणिती डीट्रिश ब्रेस यांनी 1968 मध्ये मांडलेलं कोडं घ्या. 4000 गाड्या, दोन वाटा. प्रत्येक वाटेवर एक तुकडा पक्का 45 मिनिटांचा आणि दुसरा तुकडा गाड्यांची संख्या भागिले 100 इतक्या मिनिटांचा, दोन वाटांवर त्यांचा क्रम उलटा. निम्मे-निम्मे गेले की प्रत्येकाला 65 मिनिटं. आता मध्ये शून्य मिनिटांचा जोडरस्ता टाका. प्रत्येकजण स्वतःची सोय बघतो आणि सगळ्यांना 80 मिनिटं लागतात. हे कागदावर झालं की मग सुमोत दोन समांतर रस्त्यांचं जाळं करून 'डुआ-इटरेट' (दर फेरीनंतर गाड्यांना लागलेल्या वेळेनुसार वाट बदलू देणारं हत्यार) 30 ते 50 फेऱ्या चालवा. एका फेरीवर थांबलात तर सगळ्या गाड्या मोकळ्या रस्त्याचा वेळ बघून एकाच वाटेला लागतात आणि धडा फसतो.

वाहन बदलण्याचा निर्णय शिकवायचा असेल तर मॅटसिम हे दुसरं मुक्तस्रोत साधन आहे, त्यात माणूस दिवसभराचा बेत बदलत जातो. पण ते जावावर चालतं, चित्र दाखवण्यात कमी पडतं आणि पदवीच्या वर्गाला जड जातं. पदव्युत्तरला ठीक. कार्ल्सरूच्या पीटीव्हीचं व्हिसिम दुचाकींच्या घोळक्याला जास्त सराईतपणे हाताळतं आणि दिसतंही देखणं, पण त्याला परवाना लागतो आणि घरी लॅपटॉपवर काम करणाऱ्या साठ मुलांचा प्रश्न उरतोच.

सत्रात कसं बसवावं

दोन-दोन तासांची सहा प्रात्यक्षिकं आणि एक सकाळ चौकात, एवढं पुरतं. चार रस्त्यांच्या चौकात 12 हालचाली असतात. एका हालचालीला एक मोजणारा, दोन जण माणसं मोजायला, एक सिग्नलच्या घड्याळाला आणि दोन जण फक्त पादचाऱ्यांना. पंधरा मिनिटांचे चार कप्पे. पहिलं प्रात्यक्षिक नकाशा दुरुस्तीचं, दुसरं मोजणी भरण्याचं, तिसरं आणि चौथं ताडून पाहण्याचं. ते कंटाळवाणं वाटतं, पण इथं घाई केली तर पुढचं सगळं पोकळ राहतं. पाचव्यात प्रत्येक गटाला एकच बदल द्या: बसमार्गिका, पादचाऱ्यांना आधी हिरवा, डावं वळण बंद, किंवा रस्ता रुंद करणं. सहाव्यात प्रति वाहन आणि प्रति माणूस असे दोन्ही निकाल शेजारी ठेवून प्रत्येक गटाला महापालिकेच्या बैठकीसमोर बोलल्यासारखं बोलायला लावा. रुंदीकरणाचा गट नेहमी जिंकतो; त्याला पुढच्या पाच वर्षांतल्या फेऱ्या दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढवून पुन्हा चालवायला सांगा.

वर्गासाठी आमचे गुण 5 पैकी 4. शिक्षकाशिवाय एकट्यानं शिकणाऱ्याला 3, कारण मूळ सेटिंग्ज कुठे फसवतात हे सोबतच्या माहितीपुस्तिकेत असतं, पण विखुरलेलं. एक गुण गेला तो दुचाकींमुळे.

सत्र सुरू होताना एकच आवृत्ती ठरवून सगळ्या संगणकांवर तीच ठेवा, मध्येच नवी टाकू नका. काम जमा करताना आवृत्ती क्रमांक, सीडची यादी, टेलिपोर्टची संख्या आणि मोजणीचे कच्चे कागद एका पाकिटात मागा. कच्चे कागद नसतील तर नुसते रंगीत आलेख परत करा.